जे येते ते नावे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं मंडळाच्या चिटणीसांनी देवळाच्या पायरीवर सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "अहो, माझं आयुष्य गेलं विड्रॉल स्लिपा आणि लेजरमध्ये. अध्यात्मावर मी काय लिहिणार?" ते म्हणाले, "तुम्ही एवढं वाचता, जुने सिनेमे पाहता, त्यावरच लिहा. वाचून माणसाला काय मिळतं, ते लिहा."

प्रश्न सोपा वाटला म्हणून हो म्हटलं. घरी येऊन कागद घेतला, तर चार दिवस ओळ उतरेना. कारण या प्रश्नाचं माझं उत्तर तीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारपाशी अडकून बसलं आहे. आजवर हे घरात फक्त सौभाग्यवतींना माहीत आहे. आज सद्‌गुरूंच्या अंकात लिहितो आहे. वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी थोडं माझ्या वाचनाविषयी. मी पुणे विद्यापीठाचा बी.कॉम. तेव्हा खानदेशातली कॉलेजं पुण्यालाच जोडलेली होती. नोकरी लागली १९८१ साली, नंदुरबारातच. वाचनाचा नाद मात्र शाळेपासूनचा. वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक आणायचं, ते काउंटरच्या खणात ठेवायचं आणि गर्दी ओसरली की चार पानं वाचायची. सहकारी मला गमतीनं 'पंडित' म्हणत. मलाही ते आवडायचं. कादंबरी वाचताना डोळे भरून यायचे, सिनेमात तर हमखास रुमाल लागायचा. आपण इतरांपेक्षा जरा हळवे आहोत, म्हणजेच जरा बरे आहोत, असा एक समज मनात पक्का होता. त्या समजाचीच ही गोष्ट.

आपल्या संप्रदायात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा सर्वांना ठाऊक आहे. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, की हा आनंद तुला कुठून मिळाला? अवधूत यादी सांगतो: पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, कबुतर, अजगर, पतंग, भ्रमर, मासा, पिंगला, बाण करणारा कारागीर, कोळी. नाथ महाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये काशीला ती पूर्ण केली. मी ही यादी अनेकदा वाचली होती. मला वाटायचं, माझेही गुरू असेच पुष्कळ आहेत. अवधूताला मासा आणि कोळी भेटले, मला पुस्तकं आणि सिनेमे भेटले. पण त्या यादीतली एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. त्या चोवीसांपैकी एकानेही अवधूताला समोर बसवून शिकवलेलं नाही. अजगर पडून होता, मासा गळाला लागत होता, कारागीर बाण घासत होता. शिकलं ते अवधूतानं, आणि शिकून तो तसा वागला. गुरुपण त्यांच्या बोलण्यात नव्हतं, ह्याच्या शिकण्यात होतं. मग माझे एवढे 'गुरू' होऊन मी काय शिकलो?

आता तो शनिवार. साल १९९४. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. आपला जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. संगणक आमच्या शाखेत आले नव्हते. पितळी टोकन, जाडजूड लेजर, हातानं मारलेल्या बेरजा. शनिवारी देवघेव बारापर्यंत. त्या दिवशी बारा वाजले, दार अर्धं लोटलं गेलं, मी कॅश मोजायला घेतली आणि सात रुपये कमी भरले.

ज्यांनी बँकेत काम केलं नाही त्यांना सात रुपयांचं महत्त्व कळणार नाही. रक्कम कितीही लहान असो, टॅली झाल्याशिवाय उठता येत नाही. खिशातून सात रुपये टाकून मोकळं होणं मला कमीपणाचं वाटायचं. आम्हा हिशेबनीस मंडळींना नाथांची एका पैची गोष्ट फार प्रिय आहे. जनार्दनस्वामींच्या घरी देवगडावर हिशेब तपासताना एक पै लागेना, नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, आणि स्वामींनी ती तल्लीनता पाहून त्यांना दत्तदर्शनाच्या वाटेवर नेलं. ही गोष्ट मी नव्या मुलांना किती वेळा सांगितली असेन! त्या दुपारीही मी स्वतःला मनातल्या मनात नाथांच्या रांगेत बसवलं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी अर्ध्या दारातून एक म्हातारा आत आला. धडगावकडचा असावा. कमरेला आखूड धोतर, अंगात जुनाट सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. काउंटरशी येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही. तो थांबला. मग म्हणाला, "साहेब, बाई दवाखान्यात. सुरतला न्यायची."

मी म्हणालो, "वेळ संपली. सोमवारी या."

तो गेला नाही. पासबुक जाळीखालून पुढे सरकवलं. मी ते बोटानं परत सरकवलं. "बाबा, सांगितलं ना, सोमवारी. बंद झालं आता." आवाज चढला होता माझा. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग पासबुक पिशवीत घालून, पिशवीची गाठ नीट मारून तो बाहेर गेला. गाठ मारायला त्याला वेळ लागला. तेवढा वेळ मी नोटांकडे पाहत राहिलो.

खरं काय ते आता सांगतो. कॅश पेटीत गेली नव्हती. अधिकारी आत बसलेले होते, अंगठ्याची स्लिप त्यांच्यासमोर पास झाली असती. साक्षीला शिपाई होता. लेजर माझ्या हाताशी होतं. नियमाचा अडसर होता. पण विचारलं असतं तर अधिकारी नाही म्हणाले नसते, असे ते होते. मी विचारलंच नाही. काम दहा मिनिटांचं होतं.

सात रुपये पाच मिनिटांनी सापडले. एका बेरजेत हातचा राहिला होता. मी टाळी वाजवली नाही, पण समाधान वाटलं, हे कबूल करतो.

त्याच रात्री शेजाऱ्यांनी भाड्यानं व्हीसीआर आणला होता. 'दो बिघा जमीन' लावला. बिमल रॉय यांचा १९५३ चा सिनेमा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभू नावाचा अडाणी शेतकरी. जमीनदाराचे आपण पासष्ट रुपये देणं आहोत, असं तो धरून चालतो. पण जमीनदाराच्या वहीत तेच देणं दोनशे पस्तीस झालेलं असतं, आणि कोर्टात वहीच खरी ठरते. जमीन सोडवण्यासाठी तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. बलराज साहनी त्या रिक्षासकट असे काही धावतात, की छातीत कळ येते. शेवटी जमीन जातेच. तो कुंपणाबाहेरून आपल्याच मातीची मूठ उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो.

मी ओक्साबोक्शी रडलो. शेजारपाजारच्या बायका बघायला लागल्या. घरी आल्यावर सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "अहो, बँकेतही असेच हळवे असता का?"

त्यांना दुपारचं काही ठाऊक नव्हतं. सहज बोलून गेल्या आणि झोपल्या. मला झोप आली नाही. तीन तास मी शंभूच्या जागी बसून रडलो होतो. रिक्षा मी ओढली, मूठभर माती माझ्या हातातून गेली. पण त्या गोष्टीत आणखी एक माणूस असतो, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही. वही सांभाळणारा. ज्याच्या वहीत सगळं बरोबर जुळलेलं असतं. त्या दिवशी माझी खरी जागा ती होती. सिनेमा पाहताना किंवा पुस्तक वाचताना आपण सोसणाऱ्याची खुर्ची लगेच पकडतो. ती मानाची खुर्ची असते. दुसऱ्या खुर्चीवर आपलं नाव लिहिलेलं असलं, तरी तिकडे नजर जात नाही.

सोमवारी तो आला. चौदाशे रुपयांच्या आसपास शिल्लक होती, खातं चालू राहण्यापुरतं ठेवून बाकी सगळं काढलं. मी स्लिप भरून दिली, अंगठा घेतला, शाई पुसायला चिंधी दिली. बाईचं कसं आहे, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली. पैसे बरेच काढले म्हणजे उपचार चालू असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पैसे इतर कारणांनीही काढावे लागतात, हे मला माहीत होतं. तो पुन्हा माझ्या काउंटरवर आला नाही. पुढे माझी टेबलं बदलली, बदली झाली. ती माऊली सुरतेला पोचली का, बरी झाली का, हे मला आजही माहीत नाही. माहीत होण्याची शक्यता आता नाही.

हे सारं एका मित्राला, तेही माझ्यासारखेच निवृत्त, सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच मी वाचत नाही. वाचून कोण सुधारलंय? उलट वाचणारा जास्त ढोंगी होतो. रडला की त्याला वाटतं, झालं आपलं काम." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. दुसऱ्याच्या दुःखानं रडण्यात एक गोडवा असतो, कारण ते दुःख आपल्याकडे काही मागत नाही. शंभूनं माझ्याकडे दहा मिनिटं मागितली नव्हती. म्हाताऱ्यानं मागितली.

पण मित्राचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. त्या शनिवारी माझ्या खणात साने गुरुजींचं 'श्यामची आई' होतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी त्याचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला. अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला तो १९५३ चा, म्हणजे 'दो बिघा जमीन'च्याच सालचा. १९५४ साली चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं आणि गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालेल्यांत 'दो बिघा जमीन' होता. माझ्या दृष्टीनं ही दोन्ही एकाच घरातली भावंडं. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एका दलित म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली असते, तिला ती उचलवत नाही, आणि शिवायचं नाही म्हणून कुणी पुढे होत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. गोष्ट एवढीच. हे प्रकरण मी चार दिवस आधीच वाचलं होतं आणि तिथंही डोळे पुसले होते.

पुस्तकानं माझा हात धरला नाही, हे खरं. पण ते नसतं, तर मी म्हाताऱ्याला विसरून गेलो असतो. शेकडो लोकांना 'सोमवारी या' म्हटलं असेल मी. त्यातला एकही चेहरा आठवत नाही. हा आठवतो, कारण रविवारी सकाळी ते पुस्तक उघडलं तर मोळीशेजारी तो उभा होता. पुस्तक चांगलं करत नाही. पण वाईट केलेलं लपू देत नाही. हेही थोडं नव्हे.

इथं माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला. अकरावीला पुस्तपालनात पहिल्याच आठवड्यात एक नियम घोकून घेतात: जे येते ते नावे, जे जाते ते जमा. वस्तू आपल्याकडे आली की नावे लिहायची. आपल्याला वाटतं, आलं म्हणजे जमा झालं. हिशेबाचं शास्त्र उलट सांगतं. मी जन्मभर वाचलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं सगळं मनात जमेच्या बाजूला मांडत आलो होतो. इतकी पुस्तकं, इतके सिनेमे, इतकी पारायणं, इतके अश्रू. शिल्लक भरपूर दिसायची. बाजूच चुकली होती. हे सगळं माझ्याकडे आलं होतं, म्हणजे माझ्या नावे पडलं होतं. डोळ्यांतलं पाणी ही ठेव नव्हती, उचल होती. ती फेडायची कुठं, तर काउंटरवर, दारात, रस्त्यावर, जिथं कुणी दहा मिनिटं मागत उभा असेल तिथं.

हे ज्यांना कळलं, त्यांनी फेडलं. आपल्या शेजारच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली, एकूण अठरा. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. आज आपण 'गीता प्रवचने' म्हणून वाचतो ती त्यांच्या हातची. मोठ्या पुण्याचं काम झालं म्हणून गुरुजी तिथं थांबले असते, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. पुस्तकात श्यामला मोळी उचलायला लावली होती. पंढरपुरात स्वतः उचलली.

आणि नाथ महाराज? पैची गोष्ट सांगताना आम्ही दुसरी गोष्ट घाईत उरकतो. काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. एक पै शोधणारे नाथ आणि सगळी कावड रिकामी करणारे नाथ एकच. मी अर्धे नाथ घेतले होते. हिशेबाचे ठेवले आणि कावडीचे सोडून दिले.

आपलं दैवत तर भिक्षेकऱ्याच्या रूपात फिरणारं. माहूरला निद्रा, गंगेत स्नान आणि माध्यान्ही कोल्हापूरला भिक्षा, असा दत्तप्रभूंचा नित्यक्रम आपण मानतो. दुपारी बाराच्या सुमाराला दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, असं माझी आई सांगायची. म्हातारा बारा वाजून दहा मिनिटांनी आला होता. तो दत्तच होता, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की गोष्ट गोड होते आणि मी सुटतो. तो एक म्हातारा होता, त्याची बायको आजारी होती. तेवढं पुरेसं होतं.

निवृत्तीनंतर मी आठवड्यातले दोन दिवस सकाळी एका बँकेच्या ओट्यावर बसतो. स्लिपा भरून देतो, पासबुकातली शिल्लक वाचून सांगतो. श्रावणबाळ, संजय गांधी निराधार अशा योजनांचे पैसे काढायला डोंगराकडून माणसं येतात. शेतात राबून बोटं इतकी झिजलेली असतात, की मशीनवर अंगठा लागत नाही. मग पुन्हा पुसायचा, पुन्हा लावायचा, दुसरं बोट लावून बघायचं. याला मी सेवा म्हणत नाही. हप्ता भरतो आहे. मुद्दल फिटणार नाही, कारण ज्याचं देणं आहे तो गेला.

आणि सुधारलो म्हणावं, तर तसंही नाही. गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात घरी गुरुचरित्राचं पारायण लावलं होतं. पाचवा दिवस, अडतिसावा अध्याय. गरीब भास्कर ब्राह्मण तिघांपुरता शिधा घेऊन येतो आणि गुरुकृपेनं त्यात हजारो जण जेवून उठतात, ती कथा. मी रंगून वाचत होतो. साडेदहाच्या सुमाराला बेल वाजली. समोरच्या घरी धुणंभांडी करणारी बाई. मुलीच्या शाळेचा अर्ज आजच द्यायचा होता, भरून हवा होता. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "ते पारायणाला बसलेत, नंतर ये." ती म्हणाली, "बरं," आणि वळली.

पारायणात मध्येच उठू नये हा नियम मला ठाऊक आहे, आणि मी नियमाचा माणूस. पहिला विचार, खरं सांगतो, चिडीचाच आला. हिला आत्ताच वेळ मिळाली का? मग जिन्यावर तिची पावलं वाजली आणि मला पिशवीची गाठ आठवली. पोथीवर तुळशीपत्र ठेवलं, नमस्कार केला आणि सोवळ्यानंच दारात गेलो. अर्ज भरायला बारा मिनिटं लागली. परत येऊन गुरुमाउलीची क्षमा मागितली आणि अध्याय पहिल्यापासून वाचला.

मी चुकलो की बरोबर, याचा निवाडा जाणत्यांनी करावा. प्रत्येक वेळी उठावं असंही मी सांगत नाही. पोथीची मर्यादा मीही मानतो. पण हजारोंच्या जेवणाची कथा वाचत असताना दारातली एक बाई जड वाटते, तेव्हा वाचन कुठल्या बाजूला मांडलं जातंय, ते मात्र एकदा तपासावं.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दरवर्षीप्रमाणे सारंगखेड्याला जाईन. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरलेला असेल, एकमुखी दत्तापुढे लांब रांग असेल. त्या रांगेत धडगावकडचे म्हातारेही असतात. दरवर्षी मी त्यांचे चेहरे बघतो. तो आज हयात असणं शक्य नाही, हे कळतं. तरी बघतो. कुणी विचारलंच, "कोणाला शोधता काका?" तर म्हणतो, "ओळखीचं कुणी दिसतंय का, ते बघतो."

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥